न कळणाऱ्या देवावर प्रीती कशी करायची?

प्रश्न : गेल्या नाताळात शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाबरोबर मी चर्चमध्ये उपासनेला गेलो होतो. पाळकसाहेब प्रवचनात म्हणाले, देव मानवी बुद्धीपलीकडचा आहे, त्याचा थांग कोणालाच लागत नाही. पाचच मिनिटांनी म्हणाले, या देवावर पूर्ण अंतःकरणाने प्रीती करा. मी आयुष्यभर गणित शिकवलं. ही दोन विधानं मला एका फळ्यावर मांडता येईनात. जे कळतच नाही त्याच्यावर माणूस प्रेम करणार कसं? आणि कळत नाही म्हणता, तर दोन हजार वर्षं इतके ग्रंथ लिहिले ते कशावर? खोडसाळपणे विचारत नाही, खरंच जाणून घ्यायचं आहे.
— एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर

उत्तर : तुमचा प्रश्न खोडसाळ नाही, पण जुना फार आहे. चौथ्या शतकात तो जवळपास असाच विचारला जाई, आणि तेव्हा तो समोरच्याला पेचात पकडण्यासाठीच असे. आजच्या तुर्कस्तानातलं कोन्या म्हणजे नव्या करारातलं इकुन्या. तिथले बिशप अँफिलोकियस यांच्या कानावर हा पेच आला. तुम्ही ज्याची उपासना करता तो तुम्हाला ठाऊक आहे की नाही? ‘ठाऊक आहे’ म्हणालात तर त्याचं स्वरूप सांगा. ‘स्वरूप ठाऊक नाही’ म्हणालात तर कबूल करा, की तुम्ही अनोळख्याची पूजा करता. अँफिलोकियस यांनी कैसरियाचे बिशप बेसिल यांना पत्र लिहून उत्तर विचारलं. बेसिल यांनी दिलेली उत्तरं आजही वाचायला मिळतात. सोळाशे वर्षांपूर्वीचं प्रश्नोत्तरांचं सदरच म्हणा ना!

बेसिल चिडत नाहीत आणि ‘हे रहस्य आहे, विचारू नका’ असंही म्हणत नाहीत. (आपल्याकडच्या काही संडे स्कूलमध्ये हे उत्तर सर्रास ऐकायला मिळतं. ती शुद्ध पळवाट आहे.) ते म्हणतात, जाणण्याच्या तऱ्हा अनेक आहेत, आणि पेच टाकणारा त्यातली एकच खरी धरून बसला आहे. तीमथ्य नावाच्या माझ्या ओळखीच्या माणसाला ओळखता का, असं मला कोणी विचारलं तर मी हो म्हणेन. त्याचा चेहरामोहरा, त्याचं वागणं मला ठाऊक आहे. तीमथ्याचं मूळ तत्त्व काय, असं विचाराल तर मात्र माझ्यापाशी उत्तर नाही. एकाच माणसाला मी ओळखतो आणि ओळखत नाही, आणि दोन्ही खरं आहे. मी स्वतःला तरी कुठे पुरता ओळखतो? देवाचंही तसंच. त्याचं सामर्थ्य, शहाणपण, चांगुलपणा, आपल्यासाठीची त्याची काळजी त्याच्या करणीतून आपल्यापर्यंत पोचते. स्वरूप तेवढं आवाक्याबाहेर राहतं.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. समोर युनोमियस नावाचा तर्कात मुरलेला बिशप उभा होता. त्याच्या मते देवाचं स्वरूप एका संज्ञेत मावतं: तो अजन्मा आहे. ही संज्ञा नीट समजली की देव समजला. देव स्वतःला जितका ओळखतो तितकाच मीही त्याला ओळखतो, अशी त्याची शेखी होती असं त्याचे विरोधक सांगत. ३७९ साली बेसिल वारले आणि त्यांचे धाकटे भाऊ, निस्साचे बिशप ग्रेगरी, यांनी वाद पुढे चालवला. त्यांचा एक उतारा मला फार आवडतो. तो पुढे चुकून बेसिल यांच्याच पत्रसंग्रहात जाऊन बसला. देवाचं राहू द्या, ग्रेगरी म्हणतात, आधी मुंगीचं सांगा. ती श्वासावर जगते का? तिला हाडं आहेत का? काळीज, यकृत, शिरा? पायाखालच्या मुंगीचा ज्याला पत्ता नाही तो मुंगी घडवणाऱ्याचं स्वरूप जाणल्याचा दावा कोणत्या तोंडाने करतो? आज मुंगीला फुप्फुसं नसतात हे शाळेतलं पोरही सांगेल. पण त्याने ग्रेगरींचा मुद्दा ढिला पडत नाही, कारण मुंगीविषयी जितकं कळत गेलं तितके नवे प्रश्नच निघत गेले.

३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने युनोमियसच्या पंथाचा धिक्कार केला. भांडणाचा मुख्य मुद्दा ख्रिस्ताच्या देवत्वाचा होता हे खरं, तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या लढाईत ‘देव मला संपूर्ण कळला’ म्हणणारा हरला आणि ‘कळला नाही’ म्हणणारे संत ठरले. देवाच्या मनात काय आहे हे पाठ असल्यासारखं बोलणारे उपदेशक आजही भेटतात. त्यांचं घराणं बेसिलचं नसून युनोमियसचं आहे, असं मला नेहमी वाटतं.

तुम्ही गणिताचे, म्हणून एका गणित्याचीच साक्ष काढतो. ज्याच्या नावाने आपण आलेखाचे अक्ष ओळखतो तो देकार्त १६३० साली मर्सेन या आपल्या धर्मगुरू मित्राला लिहितो, की डोंगराला आपण हात लावू शकतो, पण झाडाला घालतो तशी त्याला मिठी घालू शकत नाही. देवाचं ज्ञान हे हात लावण्यासारखं आहे. तुमच्या पाळकसाहेबांच्या पहिल्या वाक्याचा अर्थ इतकाच, की मिठीत मावत नाही. स्पर्शच होत नाही, असं ख्रिस्ती परंपरेने कधी म्हटलेलं नाही.

पण हात लावायचा कुठे? इथे ख्रिस्ती श्रद्धा इतरांपासून वेगळी वाट धरते. योहानाच्या शुभवर्तमानात, शेवटच्या भोजनाच्या वेळी, फिलिप्प नावाचा शिष्य भाबडेपणाने म्हणतो की आम्हाला पिता एकदा दाखवा, म्हणजे झालं. येशूचं उत्तर असं, की इतके दिवस मी तुमच्याबरोबर आहे आणि तरी तू मला ओळखलं नाहीस का. ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं. ख्रिस्ती माणूस देवाची व्याख्या शोधायला निघत नाही. नासरेथचा एक सुतार कोणाच्या पंक्तीला बसला, कोणासाठी रडला, कोणाला क्षमा करत मेला, हे तो पाहतो आणि म्हणतो की देव असा आहे. हा दावा पटो न पटो, पण प्रीतीला चेहरा कुठून मिळतो याचं उत्तर त्यात आहे.

मराठी वाचकाला इथे सगुण-निर्गुण आठवणारच. साम्य आहे, पण घाईने दोन्ही एक करू नयेत. निर्गुण म्हणजे गुणांच्याच पलीकडचं. ख्रिस्ती धर्मपंडित मात्र म्हणतात, की देव चांगला आहे, फक्त त्याचा चांगुलपणा आमच्या मापात बसत नाही. शिवाय ख्रिस्ती श्रद्धेत देवाने देह एकदाच घेतला, इतिहासातल्या एका ठिकाणी, एका काळी. तुलना करायची तर हा फरक सांभाळून करावी.

आता ग्रंथांचं. यातला मोठा भाग देव काय आहे हे सांगण्यापेक्षा तो काय नाही हे सांगण्यात खर्ची पडला आहे. तेराव्या शतकातले थॉमस अक्विनास यांनी देवाविषयी जितकं शिस्तीने लिहिलं तितकं क्वचितच कोणी लिहिलं असेल. ते आपल्या बृहद्ग्रंथाच्या सुरुवातीलाच बजावतात, की देव काय आहे हे आपल्याला कळू शकत नाही, काय नाही एवढंच कळतं. नेपल्समध्ये सामान्य लोकांना दिलेल्या प्रवचनात तर ते म्हणतात, की कोणाही तत्त्वज्ञाला आजवर एका माशीचाही पुरता उलगडा झालेला नाही. मधमाशी समजून घ्यायला एकाने तीस वर्षं एकांतात काढली म्हणे. आधी मुंगी, आता माशी. बड्या ईशज्ञान्यांना आपली बुद्धी ठिकाणावर ठेवायला किडामुंगीच लागते असं दिसतं.

तुमच्या प्रश्नाची खरी गाठ याच थॉमस यांनी सोडवली, असं माझं मत आहे. त्यांचा विचार असा. एखादी गोष्ट आपण जाणतो तेव्हा ती आपल्या बुद्धीत येते, आणि येताना बुद्धीच्या आकाराची होऊन येते. भांडं जेवढं तेवढंच त्यात मावणार. प्रेमाची दिशा उलटी आहे. प्रेम करताना आपण त्या गोष्टीकडे जातो, ती जशी आहे तशीच्याकडे. म्हणून आपल्याहून खालच्या दर्जाच्या वस्तूंवर प्रेम करण्यापेक्षा त्यांना जाणणं बरं, कारण जाणताना त्या आपल्या उंचीला चढतात आणि प्रेम करताना आपण त्यांच्या पातळीला उतरतो. पैशाचं उदाहरण घ्या. पैशाचं ज्ञान असलेला माणूस शहाणा ठरतो, पैशावर प्रेम करणारा कंजूस. देव आपल्याहून वरचा, म्हणून तिथे हिशोब पालटतो. या जन्मात देवाला जाणण्यापेक्षा त्याच्यावर प्रीती करणं श्रेष्ठ, कारण ज्ञान त्याला आपल्या मापाचा करतं आणि प्रीती आपल्याला त्याच्याकडे ओढून नेते.

यात थोडी अट आहे. काहीच ठाऊक नसेल तर प्रीतीही जडत नाही, हे थॉमस यांनाही मान्य आहे. पण प्रीती जडायला थोडं जाणणं पुरतं. पूर्ण प्रेमासाठी पूर्ण ज्ञान लागतं हे तुमच्या प्रश्नातलं गृहीतक त्यांना मान्य नाही. आणि फळ्यावरचं तुमचं गणित अडलं होतं ते त्याच पायरीवर.

थॉमस यांच्या शेवटच्या दिवसांची हकीकत तुम्ही कदाचित ऐकली असेल. ६ डिसेंबर १२७३ रोजी नेपल्समध्ये मिस्सा अर्पण करत असताना त्यांना काहीतरी अनुभव आला आणि त्यांनी लेखणी ठेवली ती ठेवलीच. बृहद्ग्रंथ तिसऱ्या भागात, प्रायश्चित्त संस्काराच्या विवेचनात, अर्धवट राहिला. लेखनिक रेजिनाल्ड यांनी फार आग्रह केला तेव्हा त्यांनी सांगितलं, की जे दिसलं त्यापुढे आपण लिहिलेलं सगळं गवताच्या काडीसारखं वाटतं. तीन महिन्यांत, मार्च १२७४ मध्ये, ते वारले. ही गोष्ट सांगून ‘बघा, शेवटी सगळा अभ्यास फोल’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. थॉमस आपलं लिखाण खोटं म्हणाले नव्हते. तुलनेत हलकं म्हणाले होते. ज्याने आयुष्यभर धान्य पिकवलं त्यानेच काडी कशाला म्हणतात ते सांगावं. पेरणीच न करणाऱ्याने नव्हे.

आपल्या मराठी माणसांत या पेचातून सर्वांत प्रामाणिकपणे कोण गेलं असेल, तर पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची, शास्त्रार्थाच्या आखाड्यात वाढलेली ही लेक. एका शब्दप्रामाण्यातून निघाली ती दुसऱ्यात निमूट नांदायला नव्हे. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने आला. ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेलं इतकं निर्भीड काही क्वचित वाचायला मिळतं. त्रैक्य (एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) म्हणजे काय, ख्रिस्त देव कसा, आणि चर्च सांगतं एवढ्यावर मी हे का मानू? बाप्तिस्मा तर घेऊन झाला होता, तरी प्रश्न थांबले नव्हते. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसे. मिस बील जरा समजुतीने घेत.

आणि मग १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात, की बाप्तिस्म्यानंतरची कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. मतं पटली होती, शिकवण उदात्त वाटली होती. ज्याच्याविषयी हे सगळं आहे तो मात्र अजून भेटायचा होता. तो भेटला असं त्यांना १८९१च्या सुमारास वाटलं, विधवांसाठी शारदा सदन सुरू करून दोनेक वर्षं झाली तेव्हा.

यावरून ‘बुद्धी बाजूला ठेवली तेव्हा देव भेटला’ असा निष्कर्ष काढणारे उपदेशक आहेत. मला तो साफ चूक वाटतो. रमाबाईंनी बुद्धी सोडली असती तर आयुष्याची पुढची वर्षं हिब्रू आणि ग्रीक पुढ्यात घेऊन अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घातली नसती. १९२१ साली लेक मनोरमा गेली, स्वतःची प्रकृती ढासळत होती, तरी त्यांनी ते काम पुरं केलं आणि एप्रिल १९२२ मध्ये देह ठेवला. ज्ञानातून प्रीती उगवेल म्हणून त्या वाट पाहत होत्या. झालं उलट. प्रीती जडली आणि मग जाणण्याची हाव काही केल्या संपेना. निस्साच्या ग्रेगरींनी हेच मोशेबद्दल लिहून ठेवलं आहे. निर्गमाच्या ३३व्या अध्यायात मोशे देवाला म्हणतो, मला तुझं तेज दाखव. देव त्याला खडकाच्या कपारीत उभा करतो आणि पाठमोरा जातो. पाठच का? ग्रेगरी म्हणतात, जो मागून चालतो त्याला वाटाड्याची पाठच दिसणार. देवाला पाहणं म्हणजे त्याच्या मागून चालणं, आणि पाहण्याची ओढ कधीही न भागणं.

उरला एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण विचारायला हवा होता. न दिसणाऱ्या, न कळणाऱ्या देवावर माझी प्रीती आहे असं कोणीही म्हणेल. ताळा कसा पाहायचा? योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो दिला आहे. तो लेखक आधी मान्य करतो, की देवाला कोणी कधी पाहिलेलं नाही. आणि मग म्हणतो, की डोळ्यांसमोरच्या भावावर जो प्रीती करत नाही तो न पाहिलेल्या देवावर प्रीती करूच शकत नाही; तसं म्हणत असेल तर तो लबाड आहे. हिप्पोचे ऑगस्टीन यांनी त्रैक्यावरच्या ग्रंथाच्या आठव्या भागात तुमचाच प्रश्न विचारला आहे आणि याच पत्राच्या आधाराने सोडवला आहे. भावावर प्रेम करणाऱ्याला भावापेक्षाही एक गोष्ट जास्त जवळून ठाऊक असते: तो ज्या प्रीतीने प्रेम करतो ती प्रीती. आणि देव प्रीती आहे हे खरं असेल, तर देव त्याला भावापेक्षा जवळचा झालाच. रमाबाईंकडे पुन्हा पाहा. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, अनाथ मुली आणि विधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. त्रैक्य त्यांना किती कळलं होतं याचा हिशोब त्यापुढे कोणी विचारला नाही.

प्रश्न : देव कळत नाही, तर त्याला ‘बाप’ कशाच्या आधारावर म्हणता? मग देव पुरुष आहे का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : देव पुरुष नाही आणि स्त्रीही नाही, कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘बाप’ म्हणायचं ते येशूने तसं शिकवलं म्हणून. पण हा शब्दही पुरा पडत नाही. १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने नियमच घालून दिला, की देव आणि माणूस यांच्यात जे साम्य दाखवाल त्याहून मोठा फरक तिथे असतोच. बाप म्हणताना आपल्या बापाचा रागीट चेहरा देवाला चिकटवायचा नाही, एवढं त्यातून घ्या. यशया संदेष्टा देवाच्या मायेला आईची उपमा देतो. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांत ख्रिस्त गुरू होऊन येतो तसा माउली होऊनही येतो, आणि ती भजनं मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. मराठी माणसाला ती माउली समजावून सांगावी लागत नाही.

प्रश्न : बाहेरच्यांचे प्रश्न वेगळे, माझा घरातला आहे. जन्माने कॅथलिक आहे. रविवारचा मिस्सा चुकवत नाही, रोज संध्याकाळी रोझरी म्हणते. पण दोन-तीन वर्षं झाली, प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. माझी देवावरची प्रीती संपली का? फादरांना विचारायला लाज वाटते.
— एक वाचक, वसई

उत्तर : ताई, लाज वाटण्याजोगं यात काही नाही. तुमच्याच पंक्तीला एक मोठं नाव बसलेलं आहे. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जग चक्रावलं. ती पत्रं जाळून टाकावीत अशी त्यांची इच्छा होती. वरिष्ठांनी ती मानली नाही. कलकत्त्यात काम सुरू केल्यापासून जवळपास शेवटपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, त्यांना प्रार्थनेत देवाचं अस्तित्व जाणवलं नव्हतं. अंधार, रितेपणा, कोणी नसल्याची भावना, हेच त्या पुन्हा पुन्हा लिहीत राहिल्या. काही वर्तमानपत्रांनी मथळे दिले, की मदर नास्तिक होत्या. पत्रं नीट वाचली तर तसं म्हणता येत नाही.

यातला एक धागा आपल्या पुण्याचा आहे. मूळचे ऑस्ट्रियाचे जेजुइट फादर जोसेफ नॉयनर पुण्याच्या दे नोबिली कॉलेजात ईशज्ञान शिकवत. १९६१च्या सुमारास कलकत्त्यात मदरनी त्यांना आपली ही अवस्था लिहून दिली. फादर नॉयनर यांनी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. या अंधारावर मानवी उपाय नाही, म्हणून त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका. ख्रिस्ताचं जाणवणं हा तो जवळ असल्याचा एकमेव पुरावा नव्हे. आणि देवासाठी जीव इतका तळमळतो, हीच तो तुमच्यात दडून असल्याची खूण आहे. जो नाहीच त्याच्यासाठी इतकं कोणी तळमळत नाही. मदरनी उलट लिहिलं, की अकरा वर्षांत पहिल्यांदाच आपल्याला हा अंधार आवडू लागला आहे. अंधार गेला नाही. त्या १९९७ पर्यंत काम करत राहिल्या. फादर नॉयनर शंभरी ओलांडून २००९ साली पुण्यातच वारले.

ख्रिस्ती शिकवणीत प्रीती ही मुळात भावना नाही. ती इच्छा आहे, निवड आहे. गोड वाटणं हा तिचा एक परिणाम झाला. तो कधी असतो, कधी नसतो. तुम्हाला काहीच वाटत नसताना तुम्ही रोज रोझरी हातात घेता. वाटत होतं तेव्हा घेत होता त्यापेक्षा त्यात प्रीती कमी आहे, असं मी तरी म्हणणार नाही. मला ती जास्तच दिसते, कारण तेव्हा तुम्हाला काहीतरी मिळत होतं, आता नुसतं देणं चाललं आहे.

स्पेनमधले कार्मेलाइट साधू योहान, क्रूसाचे म्हणून ओळखले जाणारे, यांनी या अवस्थेला अंधारी रात्र म्हटलं. १५७७च्या डिसेंबरपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत त्यांच्याच संघातल्या विरोधकांनी त्यांना तोलेदोत एका कोंदट खोलीत डांबलं होतं, तेव्हा अंधार त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. त्यांचा एक इशारा मला फार शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक कोरडेपणा देवाकडून येत नाही, असं ते सांगतात. कधी तो आपल्या ढिलाईचा असतो, कधी शरीराचा नि उदास प्रकृतीचा. तो ओळखण्याच्या खुणाही ते देतात. देवाच्या गोष्टीत गोडी नाही आणि बाकी कशातही मन रमत नाही, तरी देवाची सेवा नीट होत नाही ही काळजी मात्र सुटत नाही, तर ती रात्र असण्याची शक्यता जास्त. तुमच्या पत्रात ती काळजी ओळीओळीत आहे.

तरी पत्रावरून मला सगळं कळत नाही, म्हणून दोन कामं सांगतो. तुमच्या धर्मग्रामाच्या फादरांशी एकदा बोलाच. ही तक्रार त्यांनी पुष्कळदा ऐकली असेल आणि बहुधा स्वतःही भोगली असेल. दुसरं, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, प्रार्थनेतच काय पण घरच्यांत, शेजारणीत, स्वयंपाकातही जीव लागत नसेल, तर फादरांइतकीच डॉक्टरांचीही गाठ घ्या, आणि ती या आठवड्यातच घ्या.